हिवाळ्याच्या तोंडी घर
(इयत्ता तिसरी व चौथीकरिता परिसर अभ्यास व मराठी यांचा संयुक्त पाठ)

कोजागरीच्या सुमारास तुळजापूरकडे जाणाऱ्या वाटा पायी येणाऱ्या भाविकांनी फुलून जातात, आणि ती गर्दी ओसरते न ओसरते तोच आपल्या जिल्ह्यातील पहाटेचा वारा बदलतो. परतीचा पाऊस संपलेला असतो. आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते. शाळूची पेरणी आटोपून रोपे वितीएवढी होतात, हरभऱ्याच्या ओळी दिसू लागतात. दिवसा ऊन लागते. पण रात्री माळवदावर निजणारी माणसे एकेक करून अंथरूण घरात आणतात. दिवाळीची सुटी संपवून मुले शाळेत येतात ती सकाळच्या वेळी हात बगलेत घालूनच. प्रस्तुत पाठ याच दिवसांत, म्हणजे कार्तिक महिन्यात घ्यावयाचा आहे. पंचांगाप्रमाणे हा शरदाचा अखेरचा काळ. हेमंत अजून दाराबाहेर उभा असतो. घर त्याच्या स्वागताची तयारी कशी करते, हे मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहावे व आपल्या शब्दांत सांगावे, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

‘घर’ हा विषय सोपा आहे असे आपण शिक्षक समजतो. फळ्यावर ‘माझे घर’ असे लिहिले की मुले ‘माझे घर लहान आहे, माझ्या घरात देवघर आहे’ अशी ठरीव वाक्ये लिहून मोकळी होतात. त्या वाक्यांत ना त्यांचे घर असते, ना ती स्वतः असतात. याचे कारण प्रश्न फार मोठा विचारला जातो, हे होय. त्याऐवजी ‘गेल्या आठवड्यात तुमच्या घरात कोणती वस्तू बाहेर निघाली व कोणती आत गेली?’ असे विचारून पाहावे. वाकळा बाहेर निघाल्या, पाण्याचा माठ दाराजवळून कोपऱ्यात गेला, आजोबांची कानटोपी पेटीतून निघाली, खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागली, अशी उत्तरे येऊ लागतात. पाठाचे साहित्य तेथेच तयार होते.

खोबरेलाच्या बाटलीपासूनच प्रारंभ करणे सोयीचे. हे तेल सुमारे २४ ते २५ अंश सेल्सिअसच्या खाली थिजू लागते. करडईचे अथवा शेंगदाण्याचे तेल आपल्याकडील थंडीत थिजत नाही. दोन लहान बाटल्या वर्गाच्या खिडकीत ठेवाव्या, एकीत खोबरेल व दुसरीत करडईचे तेल. शाळा भरताना व मधल्या सुटीत त्यांची स्थिती मुलांनी वहीत नोंदवावी. तापमापक नसलेल्या शाळेतही थंडीची ही एक साधी खूण हाती लागते. तसेच पहाटे आडाचे पाणी कोमट का लागते, हा प्रश्न मुलांना हमखास ठाऊक असतो. आडातले पाणी तापलेले नसते. जमिनीच्या पोटात खोलवर उष्णतेत वर्षभर फारसा फरक पडत नाही, बाहेरची हवा मात्र थंड झालेली असते, म्हणून हाताला पाणी ऊन भासते. उन्हाळ्यात तेच पाणी गार वाटते. हे सांगण्यापूर्वी मुलांना तर्क करू द्यावा. ‘रात्री देव चूल पेटवतो’ असे एखादे मूल म्हणाले, तर हसू नये. उष्णता कोठून तरी यावी लागते हे त्याने ओळखले आहे.

दुसरा प्रयोग काठीच्या सावलीचा. बरोबर एक मीटर लांबीची सरळ काठी सपाट अंगणात ओळंब्याने उभी रोवावी आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजावी. ही आखूड सावली घड्याळात १२ वाजता पडत नाही. आपल्याकडे नोव्हेंबरच्या आरंभी ती १२ वाजून सुमारे १० मिनिटांनी व २२ डिसेंबरच्या आसपास १२ वाजून सुमारे २५ मिनिटांनी पडते. म्हणून पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी टोकाशी खडा ठेवीत जावे. धाराशिवच्या अक्षवृत्तावर ही सावली २३ सप्टेंबरला सुमारे ३३ सेंटिमीटर, १ नोव्हेंबरला सुमारे ६४ व २२ डिसेंबरला सुमारे ८९ सेंटिमीटर भरते. मुले हे आकडे शिक्षकांकडून ऐकण्याऐवजी स्वतः मोजतील तर त्यांना कळेल की सूर्य दक्षिणेकडे कलला आहे. आणि मग घरातील एक गोष्ट उलगडते. दक्षिणेकडे दार वा खिडकी असलेल्या घरात आता ऊन उंबऱ्यावर न थांबता आत येते. मांजर जेथे जाऊन बसते ती जागा दर आठवड्याला सरकत असते. आपल्याकडे २२ डिसेंबरचा दिवस सुमारे ११ तासांचा व २१ जूनचा सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. तेव्हा ही सव्वादोन तासांची जास्तीची रात्र घरात कशी घालविली जाते, हा पाठाचा पुढचा भाग.

परंतु त्याआधी घराच्या बांधणीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. आपल्या जिल्ह्यातील जुनी घरे दगडमातीच्या रुंद भिंतींची व माळवदाची. लाकडी तुळया, वर फळ्या वा किलचा, त्यावर मातीचा जाड थर. उजेडाकरिता व धूर जाण्याकरिता सवणे. एवढी माती दिवसभर तापण्यास वेळ घेते व रात्री निवण्यासही वेळ घेते. म्हणून असे घर उन्हाळ्यात गार व हिवाळ्यात उबदार राहते. पत्रा मात्र लवकर तापतो व लवकर निवतो. पत्र्याच्या घरातील मुले पहाटे अधिक कुडकुडतात ती यामुळेच. निरभ्र रात्री जमीन व छत आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकीत असतात. ढग असले तर ते पांघरुणासारखे काम करतात. दिवाळीनंतर अभाळ आले की त्या रात्री थंडी कमी वाटते, हे मुलांच्या घरी वडील मंडळी बोलतच असतात.

येथे लोहारा व उमरगा तालुक्यांतील शिक्षकांनी विशेष जपून पावले टाकावी. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद या जिल्ह्यांतील हजारो माणसे याच उबदार माळवदांखाली गाडली गेली. सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. जड मातीचे छत आणि चिखलात रचलेल्या गोल दगडांच्या भिंती हादऱ्याला टिकल्या नाहीत. त्या वर्षीचा हिवाळा वाचलेल्या कुटुंबांनी पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये काढला. आज तेथे नव्या वसाहती आहेत व आपल्या वर्गातील मुलांना तो दिवस ठाऊक नाही. परंतु त्यांच्या आजी-आजोबांना आहे. एखादी आजी आजही पक्क्या घरात दाराजवळच अंथरूण घालते. ‘माळवदाचे घर किती छान उबदार!’ असे वाक्य आपण वर्गात सहज बोलून जाऊ आणि ते मूल घरी जाऊन आजीस सांगेल. म्हणून माळवदाचा गुण सांगताना त्याचा दोषही त्याच दमात सांगावा. ऊब व सुरक्षितता या दोन्ही गोष्टी घराकडून अपेक्षित असतात. जुन्या घराने एक दिली, दुसरी दिली नाही. मुलांना हे समजते.

आता वाकळ. या विषयाला एक स्वतंत्र तासिका द्यावी असे मी आग्रहाने सुचवितो.

पुस्तकातला शब्द ‘गोधडी’ आहे. आपल्या घरांतला शब्द ‘वाकळ’. दोन्ही फळ्यावर लिहावे व कोणताही खोडू नये. नवरात्रापूर्वी घरोघरी दसरा काढतात, म्हणजे घर झाडून, सारवून, सगळी अंथरुणे-पांघरुणे ओढ्यावर वा नदीवर नेऊन धुतात, हे मुलांनी नुकतेच पाहिलेले असते. धुताना विरलेल्या वाकळा वेगळ्या पडतात. त्या उसवून अथवा त्यांवर नवे पदर घालून आजी ओसरीवर उन्हात बसते. खाली-वर जुन्या लुगड्याचे पदर, मध्ये धोतर, सदरे, परकर यांचे तुकडे; कडेने निरुंद पट्टी; आणि बाहेरून आत येत गेलेला धावदोरा. गावातील अशा एखाद्या आजींना वर्गात सन्मानाने बोलवावे, खुर्ची देऊ केली तरी त्या सतरंजीवरच बसतील. त्यांना भाषण करण्यास सांगू नये. त्यांनी वाकळ शिवावी व मुलांनी भोवती बसून विचारावे. हा तुकडा कोणाचा? हा कोठून आला? मी एकदा असा तास घेतला तेव्हा आजींनी एका निळ्या तुकड्यावर बोट ठेवून, “हा ह्याच्या बापाचा शाळेतला सदरा,” असे सांगितले. तो मुलगा, जो वर्षभर दोन वाक्यांच्या वर बोलला नव्हता, त्या दिवशी घंटा होईपर्यंत त्या तुकड्याचे टाके मोजीत होता. ते दोनशेच्या पुढे गेले व मग त्याची गणती चुकली. त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजले.

गणित शिकविण्याची ती एक उत्तम संधी होती; मी ती दवडली, कारण मला त्याच्याकडे पाहत राहावेसे वाटले. आपण दवडू नये. एका वितीत किती टाके, वाकळीची लांबी किती विती, मग एका ओळीत किती, आणि ओळी किती, असे विचारीत गेल्यास तिसरीतील मुलेही गुणाकारापर्यंत येतात. आणि उत्तर हजारांत जाते तेव्हा त्यांना आजीच्या हातांचे मोल आकड्यांत दिसते.

वाकळ ऊब देते ती कशी, हेही याच तासाला घ्यावे. पुष्कळ मुले म्हणतील की वाकळ गरम असते. मग विचारावे, पेटीत ठेवलेली वाकळ हाताला गरम लागते काय? लागत नाही. ऊब आपल्या अंगाचीच असते. पदरापदरांमध्ये अडकलेली हवा तिला बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड चादरीपेक्षा दोन पातळ चादरी बऱ्या, आणि म्हणूनच ओली वाकळ निरुपयोगी. दोन सारख्या पेल्यांत सारखे ऊन पाणी घेऊन एक उघडा व एक वाकळीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवला तर अर्ध्या तासात फरक बोटाला कळतो. ज्या मुलाच्या घरी पांघरूण कमी आहे, त्यालाही येथे एक उपयोगाची गोष्ट मिळते: अंथरुणाखाली कडब्याचा अथवा पोत्यांचा थर घातल्यास जमिनीचा गारठा पुष्कळ कमी लागतो.

संध्याकाळचा भाग मुलांकडूनच वदवून घ्यावा. कडुसे पडताच गुरे परत येतात. चुलीत तुराट्या वा पऱ्हाट्या पेटतात. आता पुष्कळ घरी गॅस आला आहे. तरी थंडीच्या दिवसांत अंगणातील चूल पाणी तापविण्याकरिता पेटतेच, आणि भाकर चुलीवरचीच हवी असे म्हणणारे आजोबा प्रत्येक वाड्यात एक असतात. बाजरीची भाकर, शेंगांची चटणी, हुलग्याचे ऊन माडगे, थोड्या दिवसांनी हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी, आणि पौषाच्या आगेमागे हुरडा, ही सारी नावे मुले चढाओढीने घेतील. बाजरी व तीळ या दिवसांत का खातात, याचे उत्तर मुले ‘गरम असते’ असे देतील. त्याचा अर्थ एवढाच की तिळात तेल पुष्कळ असते व त्यापासून शरीरास शक्ती अधिक मिळते. शिवाय बाजरी व तीळ ही पिके दिवाळीपूर्वी नुकतीच घरात आलेली असतात. जे शेतात पिकले ते ताटात आले, हे कारण मला अधिक खरे वाटते.

मात्र ‘काल रात्री तुम्ही काय जेवलात?’ हा प्रश्न वर्गात सर्वांसमक्ष कोणासही विचारू नये. ‘या दिवसांत गावात काय काय करतात?’ असे विचारावे. दोन्ही प्रश्नांतील अंतर लहान दिसते. पण पहिल्या प्रश्नाला ज्या मुलास खोटे बोलावे लागते, त्यास ते अंतर पुरते कळते.

जेवणानंतर शेकोटी. ‘शेकणे’ या क्रियापदापासून हा शब्द झाला, हे मुले स्वतः शोधून काढतात. ‘हिवाळा’ हा शब्द ‘हीव’ या शब्दावरून आला व ‘हीव’ संस्कृत ‘हिम’ यावरून. थंडी वाजून येणारा तो हिवताप. याच ओघात थंडीचे शब्द गोळा करावे: गारठा, हुडहुडी, काकडणे, कुडकुडणे, शिरशिरी, ऊब, धग. विस्तवाला आपल्या घरांत ‘इस्तू’ म्हणतात. एके काळी काडीपेटी जपून वापरावयाची म्हणून शेजारच्या चुलीतून गोवरीच्या तुकड्यावर इस्तू आणण्यास लहान मुलांना पाठवीत. तो तुकडा हातात घेऊन, वाऱ्याला पाठ करून, पळत न जाता भरभर चालत येणे, ही एक कलाच होती. आपल्या वर्गातील आज्यांपैकी बहुतेकींनी ती केलेली आहे. मुलांनी त्यांना विचारून एक परिच्छेद लिहून आणावा. शेकोटीभोवती सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी व कोडी यांची वर्गाची एक वही करावी. छापील गोष्टी तीत नकोत. घरी ऐकलेल्याच हव्यात, आणि सांगणाऱ्याचे नाते खाली लिहावे. तेरच्या पुराणवस्तु संग्रहालयात सहल नेणे शक्य असल्यास तेथील भाजलेल्या मातीच्या बाहुल्या व भांडी अवश्य दाखवावी. दोन हजार वर्षांपूर्वीही या भागात कोणी तरी मुलांच्या हाती खेळणे दिले होते, हे त्यांना पाहण्यास मिळते.

एक इशारा. थंडी वाढली की काही घरी निखाऱ्यांची शेगडी वा घमेले निजण्याच्या खोलीत नेऊन दार लावून घेतात. बंद खोलीत निखाऱ्यांपासून कार्बन मोनॉक्साइड हा वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस जागा न होताच दगावतो. धूर नसला म्हणजे धोका नाही, अशी समजूत असते, ती चुकीची आहे. हे मुलांनी घरी सांगावयाचे आहे, म्हणून त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घ्यावे. शेकोटीजवळ सैल ओढणी वा शालीचे टोक लोंबू देऊ नये, हेही सांगावे.

येथवरचा पाठ कोणत्याही शिक्षकास घेता येईल. पुढचा भाग लिहिताना मला माझी एक चूक सांगणे भाग आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एका द्विशिक्षकी शाळेवर मी होतो. दिवाळीच्या सुटीनंतर चौथीच्या मुलांना ‘हिवाळ्यातील माझे घर’ हा निबंध दिला. एका मुलीने लिहिले होते की आमची कोपी फार लहान आहे, आई रात्रीच उठते, मी धाकट्या भावाला पोटाशी धरून निजते, बैल गेले की घंटा वाजत नाहीत म्हणून मला झोप येत नाही. असे आठ-नऊ ओळींचे लेखन होते. आता ‘कोपी’ म्हटले की आपल्या भागात कोणाच्याही डोळ्यांपुढे काय येते? वेळ अमावस्या. मार्गशीर्षातील त्या अमावस्येला लातूर, धाराशिव व सोलापूर या भागांतील गावे ओस पडतात. सारे कुटुंब शेतात जाते, कडब्याची कोपी उभारून तीत पांडवांची पूजा करते, आणि भज्जी, बाजरीचे उंडे, खीर व आंबील यांचे वनभोजन होते. येळवस हा आपल्या हिवाळ्यातील सर्वांत मोठा घरगुती आनंद. परगावी नोकरीस असलेला माणूसही त्या दिवशी शेतावर येतो. ज्याला शेत नाही त्याला शेजारी बोलावून नेतो. मला वाटले, मुलीने घर सोडून सणाचे वर्णन केले. मी लाल शाईने ‘विषय सोडून लिहू नये. घराविषयी लिहावे’ असा शेरा मारला व दहापैकी चार गुण दिले. वही परत घेताना ती काही बोलली नाही.

आठवड्यानंतर तिची जागा रिकामी दिसली. शेजारच्या मुलीस विचारले तेव्हा ती म्हणाली, “गुरुजी, ती कारखान्याला गेली. ती कोपी येळवशीची नव्हती.”

ऊस तोडणाऱ्यांच्या तळावरील पाचटाच्या खोपटासही कोपीच म्हणतात, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते, वही तपासताना ते आठवले नाही. आपल्या जिल्ह्यातून, विशेषतः भूम, परंडा, वाशी व कळंब या तालुक्यांतून, दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे मुकादमाची उचल फेडण्याकरिता पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. तोड पहाटे अंधारात सुरू होते. चार-पाच महिने तेच त्यांचे घर असते. म्हणजे हिवाळ्यात त्यांचे घर गावात नसतेच. त्या मुलीने विषय सोडला नव्हता. वर्गात विषयाला धरून कोणी लिहिले असेल तर ते तिनेच.

पाडव्यानंतर ती परत आली. मी शेरा खोडला होता व गुण बदलले होते. तिने पान पाहिले आणि विचारले, “मग कोपीला घर म्हणायचं का, गुरुजी?” मी होय म्हणालो. ते उत्तर आज मला अपुरे वाटते. होय म्हटल्याने तिचा निबंध बरोबर ठरला खरा. पण पाचटातून येणारा वारा त्याने अडत नाही, आणि तिच्या वयाच्या मुलीने पहाटे भावाला सांभाळीत एकटे राहावे हे योग्य आहे, असाही अर्थ त्यातून निघू शकतो. तिला काय सांगावयास हवे होते, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गापुरता करून ठेवावा. कारण हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातोच.

म्हणून या पाठाची वेळ महत्त्वाची आहे. तो शक्य तितक्या लवकर, कुटुंबे निघण्यापूर्वी घ्यावा. निबंधाचे शीर्षक ‘हिवाळ्यात आम्ही जेथे राहतो’ असे द्यावे. ‘घर’ या शब्दाच्या ठिकाणी मुलाने कोपी, वसाहत, वाडा, मामाचे घर, काहीही लिहिले तरी चालेल. लेखन वाचताना कोणते मूल जाणार आहे व कोणते आजीजवळ राहणार आहे, हे आपोआप कळते. ज्यांना मागे ठेवता येणे शक्य आहे त्यांच्या पालकांना हंगामी वसतिगृहाची माहिती तेव्हाच द्यावी. या सोयीत मूल गावातच आजी-आजोबांपाशी वा नातेवाइकांकडे राहते, जेवणाची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते व शाळा सुटत नाही. आजीजवळ राहिलेल्या मुलास वेळ अमावस्येच्या दिवशी कोणाच्या शेतात जावयाचे, हे मात्र समितीच्या कागदात नसते. ते आपण आठवडाभर आधी गावात एखाद्या घरी बोलून ठरवावे. जी मुले जाणारच आहेत त्यांना शिक्षण हमी कार्ड भरून हातात द्यावे, आणि दाखल्यावाचून जवळच्या शाळेत बसण्याचा हक्क २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने त्यांना आहे, हे आई-वडिलांना सोप्या शब्दांत दोनदा सांगावे. कार्ड पिशवीत राहून जाते. म्हणून मुक्कामाचे गाव, मुकादमाचा व पालकांचा दूरध्वनी क्रमांक आपल्या वहीतही टिपून ठेवावा. हजेरीपटावर त्या मुलांची नावे राहू द्यावी व सकाळी हजेरी घेताना ती वाचावी. वर्गाने “ऊसतोडीला” असे न म्हणता गावाचे नाव सांगावे.

आणि काठीच्या सावलीचा जो प्रयोग आरंभी सांगितला आहे, त्यात या मुलांचा वाटा ठेवावा. जाताना प्रत्येकाला एक मीटर लांबीची सुतळी द्यावी, तिला दर दहा सेंटिमीटरांवर गाठ मारलेली असावी. २२ डिसेंबरला दुपारी, मीटरभर उसाचे कांडे सपाट जमिनीत उभे रोवून त्याची सर्वांत आखूड सावली सुतळीने मोजावयाची व दूरध्वनीवरून शाळेत कळवावयाची. त्या दिवशी धाराशिवची सावली सुमारे ८९ सेंटिमीटर असेल. कोल्हापूरच्या बाजूला ती सुमारे ८४ भरते, बेळगावकडे आणखी दोन सेंटिमीटर कमी. ही तफावत का पडली, हे वर्गातील मुलांनी भारताचा नकाशा पुढे घेऊन शोधावयाचे आहे, आणि कळविणाऱ्या मुलाचे नाव व मुक्काम त्या आकड्यापुढे फळ्यावर लिहावयाचा आहे.